रोटोटुनाच्या साइडलाइनवरची अमेरिका

दर शनिवारी सकाळी तासभर थंडीत उभं राहायचं ठरलं, की घरात दोन गोष्टी साठत जातात. चिखलाचे मोजे आणि किस्से. मोजे निदान धुता येतात. किश्श्यांचं काय करायचं? म्हणून सांगून टाकते.

गोष्ट २०१९च्या हिवाळ्यातली. न्यूझीलंडच्या हॅमिल्टन गावात, रोटोटुना भागात, आमची इरा तेव्हा नऊ वर्षांची होती आणि मुलींच्या फुटबॉल टीममध्ये खेळायची. टीममध्ये जेमतेम आठ मुली. कोच नायजेल मूळचा इंग्लंडचा. न्यूझीलंडमध्ये त्याचे केस पांढरे झाले, पण थर्मासमधला चहा अजून इंग्लंडचाच होता. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "गोलमध्ये कोण उभं राहील?" सगळ्या मुली आपापल्या बुटांकडे बघायला लागल्या. तेवढ्यात माझा नवरा मंदार म्हणाला, "आमची राहील की!" पुण्याचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून पुढे झाला, तोही दुसऱ्याच्या जिवावर.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल पेठापेठांत वाटलेला आहे, त्यामुळे मॅच म्हणजे भांडण हे मी दुधाबरोबर प्यायले होते. इथे येऊन बघते तर लहान मुलांच्या मॅचचा स्कोअरच ठेवत नाहीत. म्हणजे अधिकृतपणे ठेवत नाहीत. मनातल्या मनात सगळेच आईबाप ठेवतात. फक्त टॅमी मोठ्याने ठेवायची.

टॅमी आणि चक हे ओहायोचं जोडपं. त्यांची मॅडिसन आमच्या टीमची फॉरवर्ड. त्या जूनमध्ये फ्रान्सला बायकांचा वर्ल्ड कप सुरू झाला आणि या दोघांच्या अंगात आलं. लेटरबॉक्सवर अमेरिकेचा झेंडा, गाडीवर झेंडा, कुत्र्याच्या गळ्यात झेंडा. कुत्रा न्यूझीलंडचा होता, पण त्याला कोण विचारतो!

* * *

एका बुधवारी सकाळी अमेरिकेने थायलंडला तेरा-शून्य हरवलं. तेराव्या गोललाही त्यांच्या मुली पहिला झाल्यासारख्या नाचत होत्या. दुपारी आमच्या मुलींची प्रॅक्टिस. तोपर्यंत ज्याने जन्मात बॉलला पाय लावला नव्हता, त्याचंही या विषयावर मत तयार झालं होतं.

हेलन ही आमच्यातली अस्सल किवी आई. ती म्हणाली, "सात-आठपर्यंत ठीक होतं. पुढे जरा हळू घ्यायला हवं होतं."

टॅमी उसळली. "म्हणजे मुद्दाम वाईट खेळायचं? तो तर अपमान झाला. पूर्ण ताकदीने खेळणं हाच समोरच्याचा आदर."

"आदर करा ना. नाचता कशाला?"

"ते टीमचं एकमेकींवरचं प्रेम आहे," चक म्हणाला.

इथे मंदारला राहवलं नाही. गोल-फरक हा म्हणजे आपल्या क्रिकेटमधला नेट रन रेटच, हे त्याने ओहायोच्या माणसांना समजावून सांगायला घेतलं. पावसाने ओव्हर कमी झाल्या तर काय, इथपर्यंत तो पोचला, तेव्हा अमेरिका आणि न्यूझीलंड यांचं दिवसभरात प्रथमच एकमत झालं. दोन्ही पक्ष मैदानावरचे प्लॅस्टिकचे कोन गोळा करायला निघून गेले.

मग टॅमीने मला विचारलं, "तुमच्या गावात काय करतात?" माझा भाऊ पेठेच्या टीममधून खेळायचा. त्याचं वाक्य मी तिला सांगितलं: "गोल झाला की नाचायचं, आणि नाचून झालं की पळायचं."

इरा ग्लोव्हज घालून हे सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "व्हॉट अबाउट द कीपर?" त्यावर मात्र कुणाचंच मत तयार नव्हतं.

* * *

लगेचच्या शनिवारी देव न्याय करायला हॅमिल्टनला उतरला. पलीकडच्या गावातल्या एका क्लबची टीम आमच्याकडे खेळायला आली. मुली आमच्या मुलींच्याच वयाच्या म्हणे. मला त्या लग्नाच्या वाटल्या. त्यांनी नऊ गोल घातले. प्रत्येक गोलनंतर चिखलात गुडघ्यांवर घसरत जायच्या, विमान करायच्या, एकमेकींच्या पाठीवर चढायच्या.

सहाव्या गोलला टॅमी तरातरा त्यांच्या कोचकडे गेली. "तुमच्या मुलींना जरा आवरायला सांगाल का? समोर लहान मुलं आहेत."

कोच भला माणूस होता. त्याने तिच्या डोक्यावरच्या लाल-पांढऱ्या-निळ्या टोपीकडे पाहिलं. "सॉरी हं," तो म्हणाला, "बुधवारी आम्ही सगळ्यांनी मिळून तुमची मॅच बघितली. मुलींना जाम आवडली."

टॅमी परत आली. मॅडिसनने मैदानातून ओरडून विचारलं, "मॉम, हा आदरच आहे ना?" टॅमीने टोपी काढून खिशात घातली. थंडी कडाक्याची होती, पण तिने ती मॅच संपेपर्यंत परत घातली नाही.

गाडीत इरा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आय ॲम नॉट डुइंग गोली एनीमोअर." रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. नऊ गोल खाल्ले म्हणजे आपणच वाईट, असं तिने शांतपणे ठरवून टाकलं होतं. मंदार म्हणाला, "अगं, हरण्यातूनच माणूस शिकतो." मी त्याच्याकडे पाहिलं. तो उरलेला रस्ता नीट गाडी चालवायला लागला.

नायजेलला फोन केला. त्याने तिच्याशी स्वतः बोलून सौदा केला: शाळेच्या सुट्टीपर्यंत दोनच मॅच आहेत, त्या खेळ, सुट्टीनंतरची एक खेळ, मग ग्लोव्हज माझ्या बॅगेत टाक, कुणी एक शब्द बोलणार नाही. इरा हो म्हणाली. गोलमध्ये उभी राहायला दुसरी कुणीच तयार नव्हती. इरा गेली की टीम मोडणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं आणि सगळेच हवेबद्दल बोलत होते.

* * *

पुढच्या शुक्रवारी दोन मॅच होत्या. अमेरिका विरुद्ध स्वीडन आणि न्यूझीलंड विरुद्ध कॅमेरून. अमेरिका आधीच पुढच्या फेरीत गेलेली. न्यूझीलंडला मात्र जिंकणं भागच होतं. टॅमीने सगळ्या टीमला शाळेआधी पॅनकेक खायला बोलावलं. मोठ्या टीव्हीवर अमेरिका लावली आणि लॅपटॉपवर, टोस्टरच्या शेजारी, न्यूझीलंडच्या पहाटेच्या मॅचचं रेकॉर्डिंग, निकाल कुणीच बघितला नव्हता. चक म्हणाला, "यजमान देशाचा मान म्हणून दोन्ही लावलंय." कुणाच्या देशात कोण यजमान, हा प्रश्न किवी लोक विचारत नाहीत. तेवढे ते सभ्य आहेत.

अगदी शेवटच्या क्षणी कॅमेरूनने गोल केला आणि न्यूझीलंड बाहेर गेलं. हेलनने लॅपटॉपकडे पाहिलं, "ओह वेल, चांगल्या खेळल्या पोरी," म्हणाली आणि सिरपची बाटली मागितली.

टॅमीचा तोल गेला. "ओह वेल? तुम्ही घरी चाललात! शेवटच्या मिनिटाला! तुम्हाला काहीच वाटत नाही?" तिच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. अमेरिका दोन-शून्य जिंकल्याचं तिला कळलंसुद्धा नाही.

शेवटी हेलनने उठून तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे गं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी होईल आमचं काहीतरी. तू काळजी करू नकोस."

* * *

अमेरिका-फ्रान्स मॅच शनिवारी सकाळी सातला होती आणि त्यानंतर लगेच आमच्या मुलींची. आम्ही पुन्हा टॅमीकडे. मॅच सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत, तोच अमेरिकेचा गोल झाला. चक तेव्हा गॅरेजमध्ये ड्रायरमधून मॅडिसनचे मोजे काढत होता. तो धावत आत यायला निघाला आणि मंदारने दारातच त्याला अडवलं.

"तिथेच थांब."

"का?"

"गोल झाला तेव्हा तू गॅरेजमध्ये होतास. आता हलायचं नाही."

आपल्याकडे हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. बॅट्समन टिकला असेल तर बसल्या जागेवरून कुणी उठत नाही, भले पायांना मुंग्या येवोत. आमच्या सासूबाई एकदा पूर्ण डाव बाथरूमच्या दाराशी उभ्या होत्या. मला वाटलं, इंजिनिअर अमेरिकन माणूस हसेल. तो निमूट गॅरेजमध्ये परत गेला. टॅमीने मधलं दार लावून घेतलं.

उत्तरार्धात अमेरिकेने दुसरा गोल केला, तेव्हा टॅमी मंदारकडे ज्या नजरेने बघत होती त्या नजरेने मी लग्नानंतर एकदाही पाहिलेलं नाही. मग मॅच संपायला थोडा वेळ उरला असताना दार किलकिलं झालं. चकला फक्त कॉफी हवी होती. फ्रान्सने गोल केला.

"चार्ल्स!" टॅमी ओरडली. त्याचं खरं नाव चार्ल्स आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

अमेरिका दोन-एक जिंकली. तिथून आम्ही थेट मैदानावर गेलो. मंदारने चकला सांगितलं, "तू पार्किंगमध्येच बस." तो बसला, काचा वर करून. आमच्या मुली चार-शून्य हरल्या. टॅमी गंभीरपणे म्हणाली, "त्याला घरीच ठेवायला हवं होतं."

* * *

सेमीफायनलला अमेरिकेने इंग्लंडला हरवलं. वर गोल केल्यावर त्यांच्या एका खेळाडूने करंगळी वर करून चहा प्यायची नक्कल केली. इंग्रजांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं, आंदोलनं झाली, सगळं झालं. पण चहा पितानाची त्यांची नक्कल करावी हे आपल्यापैकी कुणाला सुचलं नाही.

त्या दुपारी प्रॅक्टिसला नायजेलने नेहमीसारखा थर्मास उघडला. हेलनला चहा दिला. मला दिला. मंदारला दिला, त्याने साखर मागितली तरी दिला. टॅमीने कप पुढे केला तेव्हा नायजेल झाकण लावत होता.

"नायजेल, तो एक विनोद होता," टॅमी म्हणाली.

"कळलं मला," नायजेल म्हणाला. "मला हसू यायला चार-पाच वर्षं लागतील."

चक बिचारा कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानातून, बायकोसाठी कॉफी घेऊन आला. नायजेल त्या कपाकडे बघून म्हणाला, "बघा, शेवटी माणसं आपल्या मूळ पदावर येतातच."

* * *

अमेरिका वर्ल्ड कप जिंकली. पहाटे टॅमीने अंगणात भांडी वाजवली आणि समोरचा म्हातारा भूकंप झाला असं समजून टेबलाखाली गेला. तो किस्सा तोच सांगतो, आणि चांगला सांगतो. मला सांगायचाय तो सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारचा.

समोर तीच नऊ गोलवाली टीम. इराने सकाळी ग्लोव्हज घातले ते भांडी घासायला घालावे लागतात तसे, नाइलाजाने.

सहा गोल झाले. इरा प्रत्येक वेळी जाळीतून बॉल काढायची, पुढे मारायची आणि परत आपल्या जागी जाऊन उभी राहायची. मग त्यांची ती उंच मुलगी एकटीच बॉल घेऊन सुटली. मध्ये कुणी नाही. इरा आजवर अशा वेळी डोळे मिटायची. या खेपेला ती पुढे धावली. त्या मुलीने जोरात मारलेला बॉल इराच्या पोटावर आदळला, बाजूला उडाला आणि चिखलात रुतून बसला. आत गेला नाही.

मग पार दुसऱ्या टोकाकडून मॅडिसन दोन्ही हात पसरून धावत आली. तिच्या मागून बाकीच्या सगळ्या. एकीने गुडघ्यांवर घसरगुंडी केली, दुसरी तिच्यावर पडली आणि बघता बघता इरा त्या ढिगाखाली दिसेनाशी झाली. टॅमी रेघ ओलांडून मैदानात घुसली. आईबापांनी आत यायचं नाही हा नियम ती स्वतःच इतरांना सांगायची.

बॉल अजून मैदानातच होता. त्या उंच मुलीने इकडेतिकडे पाहिलं, बॉलपाशी गेली आणि रिकाम्या गोलमध्ये हळूच ढकलला. ती नाचली नाही. बघायला कुणी नव्हतंच.

त्यांचा कोच रेफरी होता. तो चक्रावून टॅमीला म्हणाला, "तुम्ही सात गोलांनी मागे आहात. नाचताय कसल्या?"

"तुम्हाला दिसलं नाही का ते?" टॅमी म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

मग तो वाकून इराला म्हणाला, "खेळ चालू होता, बाळ. तू गोलमध्ये का नव्हतीस?"

इराच्या भुवयांपर्यंत चिखल होता. "सॉरी," ती म्हणाली, "वी वर बिझी."

मॅच संपली. दोन्ही टीमनी एकमेकींना थ्री चिअर्स दिले, संत्र्याच्या फोडी खाल्ल्या. नायजेल ठरल्याप्रमाणे बॅग उघडून उभा होता. इरा त्याच्यासमोरून मॅडिसनशी बोलत बोलत निघून गेली. नायजेलने थोडा वेळ वाट पाहिली आणि चेन लावून टाकली.

गाडीत बसली तरी ग्लोव्हज हातातच. सीटबेल्ट मला लावावा लागला.