मेहबूबचाचांचा अर्धा राहिलेला पिक्चर

ज्यांनी चाचांचा पडदा फाडला, त्यांनीच आज चौकात चाचांचा फ्लेक्स लावलाय.

'सिनेमावेडा माणूस हरपला.'

खाली गॉगल लावलेल्या पोरांची रांग. प्रत्येकाचं नाव ठळक. चाचांचं नाव शोधावं लागतं.

मेहबूबचाचा काल गेले. बावड्याच्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान. आईला त्यांनीच बांगड्या भरल्या, मलाही त्यांनीच.

बांगडी भरताना बाईचा हात चाचांच्या हातात. उठून जायची सोय नाही. याचा ते पुरेपूर फायदा घ्यायचे.

कुणी न पाहिलेल्या, कुठल्याच चॅनेलवर न लागणाऱ्या जुन्या पिक्चरची गोष्ट सुरू करायचे. इंटरव्हल आला की गप्प.

"चाचा, फुडं?"

"फुडचं शनिवारी. बघायला या."

दर शनिवारी दिवेलागण झाली की दुकानामागच्या मोकळ्या जागेत पिक्चर. प्रोजेक्टर बारामतीच्या एका बंद पडलेल्या क्लासमधून आणलेला, सेकंडहँड. आणि पडदा म्हणजे उलटा केलेला जुना फ्लेक्स.

आमच्याकडे वाढदिवस संपला की फ्लेक्स कडब्यावर नाहीतर कांद्यावर जातात. चाचा त्यातलाच एखादा मागून आणायचे. पुढं नेता, मागं पांढरं स्वच्छ.

मी काय काय पाहिलं तिथं!

एका बँडवाल्याचा पिक्चर, ज्याच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नाला वाजवायला कुणी येत नाही. दोन सवतींचा एक. नवरा पळून गेल्यावर दोघी मिळून पिठाची गिरणी चालवतात. अख्ख्या पिक्चरमध्ये एक गाणं नाही, तरी कुणी जागचं हललं नाही.

नावं इथं लिहीत नाही. लिहिली तर लाईक टाकाल आणि पुढं जाल. खरंच बघायचे असतील तर फोन करा, सांगते.

आणि तो नावाडणीचा.

ब्लॅक अँड व्हाइट. नवरा गेल्यावर बाई त्याची नाव चालवायला घेते. पाटील म्हणतो, बाईच्या नावेत गावानं बसायचं नाही. गाव ऐकतं. बाई उपाशी राहते, पण नाव विकत नाही. मग पूर येतो. पलीकडच्या काठावर पाटील एकटा अडकतो आणि तिला हाका मारायला लागतो.

बाई वल्हं हातात घेऊन उभी. इथवर आम्ही पाहिलं.

त्या शनिवारी चाचांकडून एक चूक झाली. वाऱ्यानं पडलेला एका भाऊंचा फ्लेक्स त्यांनी उचलून आणला. वाढदिवस होऊन गेला होता. पण भाऊ गावात यायचे राहिले होते. भाऊंनी स्वतः येऊन बघितल्याशिवाय फ्लेक्स जुना होत नसतो, हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. चाचांना नाही कळलं.

लाईट गेलेली, पिक्चर इन्व्हर्टरवर चाललेला. ऐन भरात असताना लाईट आली आणि पडद्यामागचा रस्त्यावरचा दिवा लागला. भाऊंचा चेहरा पडद्यातून उमटला. नेमका पाटलाच्या अंगावर.

बाया हसल्या. पोट धरून हसल्या. माझी आई सगळ्यात जास्त.

तेवढं पुरलं. भाऊंची गॉगलवाली पोरं आली, वायर उपटली, पडदा टराटरा फाडला.

"भाऊंची टिंगल लावलीय व्हय रं म्हाताऱ्या?"

बापाच्या वयाच्या माणसाला 'रं'.

"न्हाय बाबा. मागं भाऊ हायत, ध्यानातच आलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून हात जोडून माफीचा व्हिडिओ काढून घेतला. गावाच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली हसण्याच्या इमोजी. चाचांचं नाव दुसरं काही असतं तर इतकं ताणलं असतं का, हे मी विचारणार नव्हते. विचारलं आता.

शनिवार बंद झाले. गोष्टीही बंद झाल्या. चाचा मुकाट्यानं बांगड्या भरायचे. आई विचारायची, "चाचा, त्या बाईनं पाटलाला आणला का वो?"

"बघायची गोष्ट हाय आक्का. सांगायची न्हाय."

व्हिडिओ काढणाऱ्या पोराचं पुढं लग्न ठरलं. नवरीला चुडा भरायला त्यांनी चाचांनाच बोलावलं. लाजही नाही वाटली. माझं डोकं फिरलं.

"चाचा, जाऊ नका."

"का गं?"

"का म्हणून काय विचारता!"

"त्या पोरीनं माझं काय केलंय? तिला तशीच बोहल्यावर उभी करू?"

गेले. हिरवा चुडा भरला, नवरीला आशीर्वाद देऊन आले. मी कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. मला वाटलं, म्हातारा घाबरला.

काल दफन झालं. तीच पोरं पुढं. खांदा देतानाचे सेल्फी ग्रुपवर आलेत. ज्या ग्रुपवर माफीचा व्हिडिओ होता त्याच ग्रुपवर, त्याच बोटांनी टाइप केलेलं, 'चाचा, तुमची उणीव भासेल.'

कुणाला भासेल रे? तुमच्यातल्या एकानं तरी त्यांचा एक पिक्चर शेवटपर्यंत पाहिला होता?

आज सकाळी आई चाचींना भेटायला गेली. चाचींनी आत जाऊन पेनड्राइव्ह आणून दिला. "आक्का, तुमी लई विचारायचा. न्या."

दुपारी लॅपटॉप लावला. मी आणि आई. पाटील हाका मारतोय. बाई उभी आहे. आईनं माझा हात धरला.

बाईनं नाव पाण्यात घातली.

पाटलाला घेऊन आली. काठावर उतरवलं. तो मान खाली घालून निघून गेला, थँक्यूसुद्धा नाही. बाई नाव बांधून घरी गेली. संपला पिक्चर.

आई रडत होती. म्हणाली, "चाचांनीबी आणला असता."

मी नसता आणला. बुडू दिला असता, आणि काठावर उभी राहून बघितला असता. अजूनही तेच वाटतंय, खोटं कशाला बोलू.

चाचा, शेवट तुम्हाला आधीपासून माहीत होता. मला आज कळला, पण पटला नाही.

जा नीट. आईचा आणि माझा सलाम.