हिलालभाऊंचा दुसरा नमुना

शिरूडच्या आसपास हिलालभाऊंना सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. डॉक्टर कसले, तीस वर्षं गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करणारा माणूस! त्यांच्या हातची वासरं गावोगाव उड्या मारत होती, घरात मात्र पाळणा नव्हता. पहिली बायको गेली, पन्नाशीत दिपमाला घरात आली, आणि चोपन्नाव्या वर्षी भाऊ धुळ्याच्या टेस्ट-ट्यूब बाळाच्या दवाखान्यात येऊन बसले. त्या सकाळी दिपमालाची सात स्त्रीबीजं निघाली. एवढी इंजेक्शनं पुन्हा सोसणार नाही, हे तिनं आधीच बजावलं होतं.

दवाखान्यातल्या नमुना द्यायच्या खोलीची भाऊंना भारी लाज. म्हणून वीर्याचा नमुना त्यांनी घरूनच आणला. लॅबच्या मोनाली मॅडमनी सांगितलं होतं, डबी अंगाच्या उबेत आणा. पण भाऊंना शिकवणार कोण? त्यांनी ती थेट बर्फात घातली!

मॅडमनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. “भाऊ, बर्फ लावला का?”

“मग! वीर्य थंडच लागतं ना?”

“वळूचं आधी औषधात मिसळून गोठवतात. हे नुसतंच गारठलं. एकही धड हलत नाही.”

“आते काय?”

“दुसरा नमुना. आत्ता, इथंच.”

भाऊ लालबुंद. “मॅडम, मी चोपन्न वर्षांचा माणूस आहे, वळू नाही!”

खाटेवरून दिपमाला कडाडली, “तीस वरीस गावभर हाईच काम करं, आते का लाजी राह्यनात? जा!”

गेले बिचारे. पाऊण तासानं शेजारच्याच खोलीतून आले, तरी डबी बनियनच्या आत छातीशी धरलेली!

नमुना थेंबभर, पण मॅडम खूश. “उतारवयात साठून राहिलेल्या शुक्राणूंत आतून तुटलेले फार असतात. हे ताजे आहेत.” गरगर फिरवणाऱ्या यंत्रात आणखी तुटतील म्हणून त्यांनी तो घातलाच नाही. केसासारख्या बारीक वाटांच्या चिपमध्ये सोडला. धडधाकट तेवढे पोहून पलीकडे जातात, बाकीचे अलीकडेच राहतात. अर्ध्या तासानं त्यांनी भाऊंना भिंगाशी बोलावलं.

“अरे, पळतात की हो!” भाऊंच्या आरोळीनं बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

सातांपैकी चार गर्भ झाले, त्यातला एक रुजला. मुलगी झाली. बाराव्या दिवशी भाऊ तिला छातीशी धरून चौकात मिरवत होते, तेव्हा एक परगावचा पाहुणा म्हणाला, “आबा, नात गोड आहे.”

भाऊंनी मिशीवरून हात फिरवला. स्वतःकडे बोट दाखवत सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाले, “नात नही भाऊ, मनी पोर शे! मनी!”