मोडककाकांची आतली खोली

मोडककाका कुणाच्याही नव्या फ्लॅटमध्ये शिरले की हॉल बघायच्या आधी तांब्याभर पाणी मागत. यजमानांना वाटे, उन्हातून आलेत, तहान लागली असेल. काका तो तांब्या घेऊन सरळ बाथरूममध्ये जात, पाणी फरशीवर ओतत आणि कमरेवर हात ठेवून उभे राहत. पाणी जाळीकडे गेलं तर "हं" म्हणत. दाराकडे आलं तर "बिल्डरला बोलवा" म्हणत. मग खिशातून एक काचेची गोटी निघे आणि हॉलच्या फरशीवर सोडली जाई. त्यानंतर प्रत्येक भिंतीवर मुठीने टकटक. हे सगळं होईपर्यंत घर घेणाऱ्याचा चेहरा दहावीच्या निकालाला उभ्या असलेल्या मुलासारखा झालेला असे.

काका सरकारी नोकरीत इंजिनिअर होते. आयुष्यभर इमारती बांधून ते निवृत्त झाले आणि उरलेल्या आयुष्यात दुसऱ्यांनी बांधलेल्या इमारतींना नावं ठेवू लागले. कर्वेनगरात आमचा आणि त्यांचा फ्लॅट समोरासमोर. आमच्या सोसायटीतल्याच काय, पार वारज्यापर्यंतच्या लोकांनी काकांना दाखवल्याशिवाय घर घेतलं नाही. वारज्याच्या एका नव्या इमारतीत मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. तिथल्या टाय लावलेल्या तरुणाने मोठ्या उत्साहाने पडदा सारला आणि म्हणाला, "सर, इथून व्ह्यू बघा." काका म्हणाले, "व्ह्यू बघायला मी टेकडीवर जातो. तिथे मेंटेनन्स भरावा लागत नाही. तुम्ही नळ उघडा." त्या मुलाने मुकाट्याने नळ उघडला. नळाला पाणी नव्हतं.

काकांचा खरा राग होता तो गॅलरीवर. कार्पेट, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जागा, हा शब्द ते देवाचं नाव घ्यावं तसा घेत. आणि गॅलरी म्हणजे त्यांच्या मते "घराबाहेर सांडलेलं कार्पेट". "गॅलरीत माणूस काय करतो? उभा राहतो. उभं तर बसस्टॉपवरही राहता येतं." आमच्या इमारतीत ते राहायला आले त्याच वर्षी त्यांनी आपली गॅलरी भिंत घालून, सरकत्या काचा लावून आत घेतली आणि तिथे कपाटं केली. ते इतकं नीटनेटकं झालं की पाठोपाठ सगळ्यांनी त्यांच्याच सल्ल्याने आपापल्या गॅलऱ्या आत घेतल्या. आज आमच्या अख्ख्या इमारतीला एकही उघडी गॅलरी नाही. बाहेरून बघणाऱ्याला ते गोदाम वाटतं.

याचा परिणाम असा की सकाळी हिंजवडीची बस पकडायला मी जिना उतरू लागलो की दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर, जिन्याच्या जाळीपाशी, मोडककाकू चहाचा कप घेऊन उभ्या दिसत. इमारतीत मोकळ्या हवेची तेवढी एकच जागा उरली होती. "निखिल, आज टेकडी किती स्वच्छ दिसतेय बघ," त्या म्हणत. मी घाईघाईत "हो काकू" म्हणून पुढे जाई. त्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी नवऱ्याला चारचौघांत कधी उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा बंगळुरूच्या लेकीने, रोहिणीने, त्यांना बोटीची सहल भेट दिली. मुंबईहून निघायचं, गोव्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. आईबाबांना एकटं पाठवायला ती तयार नव्हती, म्हणून तिने मला आणि माझ्या बायकोला, मधुराला, गळ घातली. खोल्या तुम्हीच जाऊन पसंत करा, असंही तिने सांगितलं. त्यामुळे एका शनिवारी आम्ही चौघं कर्वे रस्त्यावरच्या एका ट्रॅव्हल कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसलो. टेबलापलीकडच्या मुलीने हसून माहितीपत्रक पुढे केलं. त्यावर पांढरीशुभ्र चादर आणि चादरीवर टॉवेलचा हंस होता.

"फोटो नको, नकाशा दाखवा," काका म्हणाले.

त्या बिचारीने कुठून तरी बोटीचा मजलेवार नकाशा काढून दिला. काकांनी चष्मा बदलला, खिशातून फूटपट्टी काढली आणि एकेक खोली मोजायला घेतली. खोल्या तीन प्रकारच्या होत्या. एक आतली, जिला खिडकीच नसते. दुसरी खिडकीची, पण ती खिडकी उघडत नाही. आणि तिसरी गॅलरीची. काकांनी एका खोलीवर बोट ठेवलं. "हिच्या डोक्यावर काय आहे?"

"डान्स फ्लोअर, सर."

"म्हणजे रात्रभर डोक्यावर नाच. आणि हिच्या खाली?" खाली स्वयंपाकघर होतं. काकांनी पुढचं बोट ठेवलं. असं करत करत ते बोटीच्या बरोबर मध्यावर, मधल्या मजल्यावर, लिफ्टपासून ना फार लांब ना फार जवळ अशा एका खोलीपाशी थांबले. ती आतली होती. "ही बघा. ना ऊन, ना वारा, ना ओल. चारी बाजूंनी भिंत. बोट हलली तरी सगळ्यात कमी हलणार ही. झोपायलाच तर जायचं आहे खोलीत."

"आणि गॅलरीची?" काकूंनी विचारलं. त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

काकांनी आपल्या परीने न्याय केला. त्यांनी त्या मुलीला विचारलं, "गॅलरी पूर्वेला आहे की पश्चिमेला?"

"सर, बोट आहे ती. वळते."

"वळू दे हो. पण गॅलरीचं तोंड कुठे?"

मुलीने विचार केला आणि सांगितलं, "या बाजूची घेतलीत तर जाताना पूर्वेला, येताना पश्चिमेला."

"म्हणजे बिल्डरने दोन्ही गिऱ्हाइकांना पूर्व कबूल केली आहे," काका म्हणाले आणि फूटपट्टी खिशात ठेवली. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

काकूंनी पर्स उघडून चष्मा काढला, नकाशा स्वतःकडे ओढला आणि अगदी वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "ताई, यांना ती आतली द्या. मला ही गॅलरीची द्या. दुसऱ्या खोलीचं मी माझ्या पेन्शनमधून बघेन."

"एकाच बुकिंगवर दोन खोल्या का, मॅडम?"

"दोन माणसं, दोन खोल्या."

 काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या हंसाकडे पाहिलं आणि "ठीक आहे" म्हणाले. ठीक काहीच नव्हतं, हे ऑफिसातल्या पंख्यालाही कळलं असेल. मी आणि मधुराने कुणालाच वाईट वाटू नये म्हणून खिडकीची खोली घेतली.

सोसायटीत बातमी पसरायला एक संध्याकाळ पुरली. मोडक लग्नाच्या पन्नासाव्या वर्षी वेगळे राहणार, असं तळमजल्यावरून सुरू होऊन ते चौथ्या मजल्यापर्यंत घटस्फोटावर गेलं. मधुरा काकूंना समजवायला गेली आणि काकूंच्याच बाजूची होऊन परत आली. काकू तिला म्हणाल्या होत्या, "समुद्राचं काही नाही गं. समुद्र खूप पाहिलाय. पण घरातली प्रत्येक जागा कशासाठी, ते पन्नास वर्षं यांनीच ठरवलं. मला एक जागा अशी हवी आहे की जिचा काहीही उपयोग नाही. आणि तिथे यांनी माझ्या शेजारी येऊन उभं राहायला हवं आहे."

"आणि नाही आले तर?"

"तर एकटी उभी राहीन. पण मग मला कळेल तरी."

सहलीला जाईपर्यंत मला त्या दोघांची सारखी काळजी वाटत होती. पण काका मात्र मजेत होते, किंवा तसं दाखवत होते. बोटीवर चढल्याबरोबर त्यांनी आपल्या आतल्या खोलीची तपासणी केली. बाथरूममध्ये पाणी ओतलं. खोलीत गोटी सोडली. गोटी दाराकडे गेली, थांबली, विचार केल्यासारखं करून परत आली आणि मग पलंगाखाली निघून गेली. काका ओणवे होऊन तिला शोधत म्हणाले, "उतार दोन्हीकडे दिलाय गाढवांनी." काकू आपल्या खोलीत गेल्या होत्या. त्यांनी तपासणीला कुणाला बोलावलं नाही.

काकांनी आयुष्यात कधी गजर लावला नाही. "उजाडलं की जाग येते, त्याला यंत्र कशाला?" असं ते म्हणत, आणि कर्वेनगरात पूर्वेच्या खिडकीशेजारी झोपणाऱ्या माणसाला ते शोभूनही दिसे. बोटीवर त्यांनी मोबाइल बंद करून बॅगेत टाकला होता. सकाळी नाश्त्याला काकू एकट्याच आल्या. त्या दाराकडे तोंड करून बसल्या आणि उपमा गार होईपर्यंत तशाच बसल्या. "झोपू दे त्यांना," एवढंच म्हणाल्या. आम्ही दुपारचं जेवण घेत होतो तेव्हा काका आले. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, चेहरा प्रसन्न. वाढणाऱ्या मुलाला म्हणाले, "गुड मॉर्निंग. पोहे आहेत का?"

त्यांना पहाटेपासून अनेकदा जाग आली होती. प्रत्येक वेळी त्यांनी डोळे उघडले, चारी बाजूंना काळोख पाहिला, अजून उजाडलं नाही असं ठरवलं आणि पुन्हा कूस बदलली. मला हसू आवरेना. मधुराने टेबलाखालून मला लाथ मारली. काकाही हसले. काकू हसल्या नाहीत.

"किनारा दिसतही नव्हता, सूर्य थेट पाण्यातून वर आला," त्या म्हणाल्या. "इतका लाल होता. मी तुम्हाला दाखवायला वळले, तर शेजारी कोणी नव्हतं."

 काकांनी वरणभात कालवला आणि कालवतच राहिले. माणूस एखाद्या वाक्याने म्हातारा झालेला मी तेव्हा पाहिला, आणि मला त्यांची फार दया आली.

गोव्याला थांबून बोट संध्याकाळी परत निघाली. थोड्या वेळाने आमच्या दारावर थाप पडली. काका बॅग घेऊन उभे होते. "निखिल, जरा हात लाव. खोली सोडली मी." मी बॅग उचलून त्यांच्यामागे काकूंच्या दारापर्यंत गेलो. काकांनी शर्ट सारखा केला आणि पाहुण्यासारखी हलकी टकटक केली. दार उघडलं.

"अगं, इथे एक माणूस मावेल का?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. "कार्पेट कमी आहे."

"चालेल. मी बाहेर उभा राहीन."

काकू दारातून बाजूला झाल्या. मग मलाच म्हणाल्या, "उद्या उजाडायच्या आत दोघं या रे. सूर्योदय बघू. यांनी पाहिलेला नाही." त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी अंधारातच आम्ही गेलो. काका आंघोळ करून, स्वेटर घालून तयार होते. त्या एवढ्याशा गॅलरीत आम्ही चौघं चहाचे कप घेऊन दाटीवाटीने उभे राहिलो आणि वाट पाहू लागलो. आकाश फिकं झालं. पाणी करडं झालं. मग हळूहळू सगळीकडे उजेड आला, आणि सूर्य काही दिसेना. बोट उलट दिशेने निघाली होती. पूर्व बोटीच्या पलीकडच्या बाजूला गेली होती, आणि तिकडे दुसऱ्याच कुणाच्या तरी गॅलरीपुढे सूर्य उगवून वर आला होता.

हे सगळ्यात आधी काकांना कळलं असणार. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. कारण मोडककाकांचं "मी सांगितलं होतं" कुणालाच चुकलेलं नव्हतं. त्यांचा सल्ला न मानता घेतलेल्या घराची भिंत ओली झाली की ते मुद्दाम वाट वाकडी करून त्या घरी जात, भिंतीवर हात ठेवत आणि ते तीन शब्द म्हणत. रोहिणीच्या सासऱ्यांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. आणि इथे तर त्यांनी पूर्व-पश्चिम शब्दशः विचारली होती, साक्षीदार म्हणून आम्ही होतो. काकूंच्याही ते लक्षात आलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कठड्यावरचा हात मागे घेतला आणि काकांकडे न बघता म्हणाल्या, "म्हणा. म्हणून टाका एकदा."

"काय म्हणू?"

"पूर्व नाही ते."

काकांनी समोर पाहिलं. समोर काहीच नव्हतं, नुसतं पाणी. ते पाहत राहिले, चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाले, "पूर्व कुणाला बघायची होती? तू इकडे सरक. तिथे वारा लागतोय तुला."

काकू सरकल्या. मधुराने माझी बाही ओढली आणि आम्ही कप तिथेच ठेवून बाहेर पडलो.

पुढच्या वर्षी काका गेले. भेटायला येणारा जो तो त्यांनी पसंत करून दिलेल्या घराबद्दल बोलत होता. कुणाची भिंत अजून कोरडी होती, कुणाच्या बाथरूममध्ये पाणी तुंबत नव्हतं. काकू सगळ्यांचं ऐकून घेत होत्या. गर्दी ओसरल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"आयुष्यभर यांनी कुणाची चूक सोडली नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी बोटीवर तेवढी माझी दाखवायला विसरले."

मी नुसती मान डोलवायला हवी होती. पण मला खोटं बोलवेना. "काकू, ते विसरले नव्हते," मी म्हणालो.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

"माहीत आहे रे मला."