अगोदर हात, मग यंत्र

डॉ. भास्कररावांशी माझी ओळख झाली ती त्यांनी मला गप्प केलं तेव्हा. मी कणकवलीची. नवी पदवी आणि त्याहून नवा तोरा घेऊन त्यांच्या मालवणच्या दवाखान्यात मदतनीस डॉक्टर म्हणून रुजू झाले होते. तारकर्लीच्या एका आजींना छातीत धडधडत होतं. मी त्यांना लगेच ईसीजीसाठी झोपवू लागले, तशी सर म्हणाले, "अगोदर हात, मग यंत्र." त्यांनी आजींच्या बांगड्या कोपराकडे सारल्या, "हात हाडा बघूया," असा मालवणीत हात मागून मनगट धरलं आणि डोळे मिटून बसून राहिले. बाहेर रुग्ण खोळंबले होते, पण सरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

नाडीचा ताल चुकलेला लागला, की मग ईसीजी. अशा आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात, रक्त तिथे रेंगाळतं, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की माणूस एका अंगाने लुळा पडतो. सरांच्या बोटांनी असे किती धोके वेळीच पकडले असतील! रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकवणाऱ्याला ते असे खडे बोल सुनावत, की तो पुन्हा गोळी चुकवायला धजत नसे.

सरांच्या पत्नी कुमुदवहिनी दुपारी मला हाक मारून जेवायला बसवत. वहिनी इतक्या सडपातळ, की शेजारणी म्हणत, "वारो सुटलो तर उडान जाशात." एका चतुर्थीनंतर त्या दवाखान्याच्या दारात येऊन म्हणाल्या, "माका जरा धाप लागता, धडधडता. मी पण बाकड्यार बसू काय?" सर हसले. "चतुर्थीची दगदग ती. चार दिस पड, बरा वाटात." अख्ख्या तालुक्याची मनगटं धरणाऱ्या त्या हातांना घरच्या बांगड्या बाजूला सारायचं सुचलं नाही. डॉक्टरच्या घरी ही चूक कशी होते, ते डॉक्टरच्याच घरच्यांना माहीत.

मग एका सकाळी वहिनींची वाचा गेली आणि उजवी बाजूही. गोव्याच्या इस्पितळात नाडीचा गोंधळ सापडला. स्कॅनमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. त्या काटकुळ्या देहात हृदयाभोवती चरबीचा जाड थर होता. सर त्या चित्रासमोर कितीतरी वेळ उभे होते. 

त्यानंतर सरांनी या विषयाचा ध्यासच घेतला. आमच्याकडे मुंबईहून गणपतीला आलेल्या चाकरमान्याचं कौतुक होतं, "बरो अंगान भरलो हा!" पोट सुटणं म्हणजे सुख लागणं. सर समजावत, की हृदयाला बिलगलेली चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून दाह वाढवणारी द्रव्यं झिरपतात, ती कप्प्याच्या भिंतीतही शिरते आणि ठोक्याची वाट बिघडवते. एका किडकिडीत मच्छीमाराने त्यांची थट्टा केली, "डॉक्टरानू, मी सुको बांगडो! माका खंयची चरबी?" सर म्हणाले, "पोटावरची दिसता रे. काळजाभोवतची आरशात दिसणा नाय. हात हाड." एका व्याख्यानात मी उत्साहाने सांगून टाकलं, की ही चरबीच या आजाराचं कारण आहे. सरांनी सर्वांसमोर मला थांबवलं. "नातं घट्ट आहे, पण सगळा गुंता अजून सुटलेला नाही. जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांग." स्वतःच्या दुःखालाही त्यांनी पुरावा म्हणून पुढे केलं नाही.

पुढे त्या दुखण्यातच वहिनी गेल्या, आणि सरांचं घरातलं बोलणंच संपलं. पंच्याहत्तरीच्या सत्काराला ते कसेबसे तयार झाले, तेही एका अटीवर. शाल-श्रीफळ नको, आलेल्या प्रत्येकाने आपल्या घरच्या माणसाची नाडी बघावी. सत्कार समितीची माणसं गेल्यावर मी विचारलं, "सर, तुमची कोण बघणार?"

"आता आसा कोण?"

मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनीच शिकवलेल्या बोटांना ताल सापडेना.

"कुमुद गेल्यापास्ना," ते शांतपणे म्हणाले. "माका ठावक आसा."

"आणि गोळी?"

"कोणासाठी घेव गो?"

मला रडू आवरलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी दवाखान्याआधी त्यांच्याकडे जाते. कधी ते गोळी घेतात, कधी ती टेबलावर तशीच असते. हे सगळं लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "लिही. डॉक्टर पण चुकतत, ता लोकांका कळांदे."

सर, शंभर वर्षं जगा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वहिनींशिवायची इतकी वर्षं तुमच्यासाठी मागणं निष्ठुरपणाचं वाटतं. तरी मी मागते. त्या सुक्या बांगड्यासाठी, तारकर्लीच्या आजींसाठी आणि अजून पुरतं न शिकलेल्या माझ्यासाठी तुम्ही निरोगी राहा, खूप जगा आणि गोळी चुकवू नका. समारंभात तुमच्या शेजारची खुर्ची समितीने वहिनींच्या आठवणीत मोकळी ठेवायचं ठरवलं होतं. मी भांडून ती मागून घेतली आहे. सगळे आपापल्या माणसाचं मनगट धरतील, तेव्हा मी तिथे बसलेली असेन.

सर, हात हाडा बघूया.