केकवरचं सोनं

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा धाकट्या बहिणीने कांजूरमार्गच्या घरी स्वतः केक केला. त्यावर सोनेरी पावडर भुरभुरवून ती म्हणाली, "झकास दिसतोय ना?"

बाबा केकजवळ वाकून बघत राहिले. "पण हे पोटात गेलं तर चालतं का गं?"

मी डबीवरची बारीक अक्षरं वाचली. पावडर विषारी नाही, पण फक्त सजावटीसाठी आहे, असं लिहिलं होतं. ती खायची आहे असं कुठेच नव्हतं, आत काय आहे तेही नव्हतं. बहिणीचा चेहरा पडला. तिने वरचं सगळं क्रीम खरवडून टाकलं आणि नवं लावायला घेतलं.

तोवर मी मुलुंडहून सोन्याचा वर्ख आणला. त्याच्या पाकिटावर 'चोवीस कॅरेट' आणि 'खाण्यायोग्य' असं स्पष्ट छापलेलं होतं. "शुद्ध सोनं पचत नाही, तसंच बाहेर पडतं," मी बाबांना सांगितलं.

मग त्यांनी पहिला तुकडा आईला भरवला. "कसं लागतं सोनं?"

"कसलीच चव नाही त्याला," आई म्हणाली, "केक मात्र मस्त झालाय."

तेव्हा कुठे बहीण हसली.