फुकटच्या चॅनलनं जमवलेलं लग्न

माझं लग्न टीव्हीवरच्या एका फुकट चॅनलनं जमवलं. मध्यस्थ म्हणून मामा होते, पण ते फक्त पोहे खायला.

हे चॅनल मोठं मतलबी. पैसे भरून पाहायच्या मालिकांचे सुरुवातीचे भाग फुकट दाखवायचं आणि ऐन रंगात आलं की पाटी टाकायचं, ‘पुढचे भाग पाहण्यासाठी पैसे भरा!’

मी आणि मामा नांदेडहून रेणापूरला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा हेच चॅनल लागलेलं होतं. याआधी मला बऱ्याच जणींनी नाकारलेलं. आईनं निघताना बजावलं होतं, “हे स्थळ हातचं घालवू नको. तोंड उघडू नको!”

मुलीचे वडील, आप्पा, माझ्याकडं बघतच नव्हते. पडद्यावर कुणीतरी दुधात विष कालवलं, सुनेनं पेला उचलला आणि... पाटी!

“दर बारीला ऐन टायमाला थांबिवतेत!” आप्पा कळवळले.

“मी पाहिलीय पुढची,” मी म्हणालो. “आमच्याकडं पैशाचं कनेक्शन आहे.” (आमच्याकडंही फुकटच्या डिशचीच छत्री होती. मामांनी मला जोरात चिमटा काढला.)

आप्पा सरकून जवळ आले. “मग सांगा, इष कुणी कालिवलं?”

“सासऱ्यानं!”

(होणाऱ्या सासऱ्यासमोर! दुसरं कुणी सुचलंच नाही.)

“आरं द्येवा! कशापायी?”

“जमिनीपायी.”

तोवर शेजारच्या बायकाही दारात जमल्या. मला चेव चढला. गोष्टीत सुनेला मारलं, तर एक म्हातारी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, “लई गुणाची व्हती रं लेकरा!” मग सुनेला दवाखान्यातून परत आणलं. मधेच दिराला जुळा भाऊ दिला. आप्पांनी स्वतः माझ्या बशीत आणखी पोहे वाढले. एवढा मान मला माझ्या घरीही कधी मिळाला नव्हता.

मग मुलीशी बोलायला मला परसात पाठवलं. शिवलीला शांतपणे म्हणाली, “माझी मावशी नांदेडला राहती. तिच्याकडं समदी मालिका पाहिलीय मी.”

आप्पा ऐकताहेत का, हे मी वळून पाहिलं.

“ते दूध सासराच पितो. पुढच्याच भागात मरतो.”

“आप्पांना सांगणार?” मी रडकुंडीला आलो.

“न्हाई. मला पसंत हाय हे स्थळ.”

“का पण?”

“दाराआडून बघितलंय मी. खोटं बोलताना तुमचे कान लालभडक होतेत. असा नवरा बरा. काई लपवाया येणार न्हाई.”

त्या चॅनलचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. तिथल्या तिथं मी आईला फोन लावला.

“आई, जमलं! पोरीला माझे कान आवडले!”