कारंज्याजवळची बेकरी

काल इथे सिंगापुरात, सेरंगूनच्या मॉलमध्ये लॅव्हेंडरच्या साबणाचा वास आला आणि मी दुकानाबाहेरच थबकले. काही वर्षांपूर्वी ऑफिसमधल्यांबरोबर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, जेवताना मी दक्षिण फ्रान्समधल्या एका छोट्या गावाचं रंगवून वर्णन करत होते. नदीवरचा दगडी पूल, उतारावरची लॅव्हेंडरची शेतं, चौकातलं कारंजं. खरं तर आमच्या टूरची बस तिथे जेमतेम वीस मिनिटं थांबली होती, तीही भर दुपारी, सगळी दुकानं बंद असताना. पण मी ठोकून दिलं, की आठवडाभर राहिलो. समोर बसलेल्या नव्या फ्रेंच सहकारिणीनं चमचा खाली ठेवला. "ते माझं गाव. कारंज्याजवळची बेकरी उघडी होती?" "हो तर, रोज सकाळी तिथूनच पाव आणायचो." तिचा चेहरा उजळला. बेकरी तिच्या आईची होती आणि आई गेल्यापासून बंद होती. "म्हणजे कुणीतरी पुन्हा सुरू केली," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. तिनं गावी भावाला फोन केला होता; बेकरीचं शटर अजून खालीच होतं. "तू कदाचित दुसऱ्या गावाबद्दल बोलत असशील," ती हळूच म्हणाली. आवाजात राग नव्हता. तेव्हा तरी मला खरं सांगता आलं असतं. मी म्हणाले, "हो, दुसरंच असेल." ती मान हलवून जागेवर गेली. आता ती सिंगापूर सोडून गेली आहे. पहिली थाप बोलण्याच्या भरात निसटली, अशी मी स्वतःची समजूत घालते. पण तो दुसरा 'हो' मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटला होता.